सरांची किळस

मला जगदाळे सरांची किळस यायची. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. उलट आमच्या सोसायटीत, शाळेत, सरांच्या नातेवाइकांत माझी ख्याती अशी, की सरांच्या शेवटच्या वर्षांत परबांनी केलं तेवढं सख्ख्या भावानं केलं नसतं. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, तर मला देवमाणूस म्हणायच्या. त्या तसं म्हणाल्या की मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा. खरं म्हणजे मी श्वास रोखून धरलेला असायचा.

परवा अश्विनीचा फोन आला. अश्विनी ही सरांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन कामोठ्याला असते; सर गेल्यापासून वहिनीही तिच्याकडेच असतात.

"काका, बिझी नाही ना? एक विचारायचं होतं."

"बोल गं."

"म्हणजे… आम्ही आता बाळाचा विचार करतोय. इथल्या डॉक्टर फॅमिली हिस्ट्री विचारत होत्या. मी म्हटलं, बाबांना मेंदूला सूज होती, त्यातच गेले. तर त्या म्हणाल्या, सूज कशामुळे होती ते घरी विचारून या. आई म्हणते, परबभावजींना ठाऊक, तेच गेले होते बरोबर. कशामुळे होती हो, काका?"

"अं… बघतो. आठवावं लागेल."

"रविवारी येऊ का घरी? काकूंनाही भेटणं होईल."

"ये की."

फोन ठेवला आणि मी उगाचच बेसिनवर जाऊन हात धुतले. आठवायचं काहीच नव्हतं. सगळं लख्ख आठवत होतं. म्हणून आज हे लिहायला बसलो. नुसतं तोंडानं बोलायला गेलो, तर मी आयत्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून मोकळा होईन, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. माणसांची नावं इथं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

जगदाळे सर आमच्या कोपरखैरण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यातही जीवशास्त्र जीव ओतून. मी भूगोलाचा मास्तर. ते माझ्याहून बरेच मोठे, मूळचे साताऱ्याकडचे. पण बोलणं असं घासूनपुसून स्वच्छ केलेलं, की गावाचा एक कण त्याला चिकटलेला सापडायचा नाही. उंच, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पँटच्या डाव्या खिशात हात पुसायचा रुमाल, उजव्या खिशात बसायची जागा पुसायचा. एकदा घाईत या दोघांची अदलाबदल झाली, तर सर मधल्या सुट्टीत घरी जाऊन दोन्ही बदलून आले होते.

किळस करण्यात त्या माणसाचा हातखंडा होता. "गलिच्छ!" हा त्यांचा शब्द. तो ते असा उच्चारायचे, की शेवटचा छ ऐकणाऱ्याच्या अंगावर उडावा. पायऱ्याही होत्या: साधं गलिच्छ, महागलिच्छ, आणि क्वचित, फार मोठा गुन्हा असेल तर, "परब, हे बघण्याच्याही लायकीचं नाही." स्टाफरूममधला चहाचा कप ते उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "या कपाला अजून कुणाच्या तरी ओठांची आठवण आहे." मुख्याध्यापिकांच्या वाढदिवसाला केक आणला होता. बाईंनी मेणबत्त्या फुंकल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सुरी केकवर टेकणार तोच सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हाला शुभेच्छा. पण आपण आत्ता यावर थुंकीचा अभिषेक केलाय, हे मी सहकाऱ्यांच्या नजरेस आणू इच्छितो." कुणी केक खाल्ला नाही. सर समाधानानं तासाला गेले.

वह्या तपासतानाही तेच. वहीचा वास घेऊन सांगायचे, "ही शेवचिवडा खात लिहिलीय." आणि खरंच पानावर तेलाचा डाग निघायचा. पण त्यांचा खरा धाक होता तो समासातल्या लाल शाईचा. मुलानं अर्धंच उत्तर लिहिलं, तर ते गुण कापायचे नाहीत, समासात फक्त एक शब्द लिहायचे: "आणि?" वही परत घेऊन जा, उरलेलं लिहून आण. एका मुलीला त्यांनी एकाच प्रश्नावर तीनदा "आणि?" लिहून परत पाठवलं होतं. शेवटी ती रडत माझ्याकडे आली, "सर, तुमीच सांगा ना त्यांना, आणि काही नाहीये पुढे." मी सरांना सांगायला गेलो, तर म्हणाले, "आहे. तिला माहितीही आहे. कंटाळा आलाय फक्त."

आनुवंशिकतेचा धडा आला, की वर्गात सणच. दुकानातून आणलेले वाटाणे, हिरवे आणि पिवळे, दोन कापडी पिशव्यांत भरून आणायचे. मुलांनी न बघता एकेक काढायचा, फळ्यावर सरांनी चार घरांची चौकट आखलेली असायची, तीत मांडायचा. आईकडून एक, वडिलांकडून एक. "बघा, निसर्ग पिशवीत हात घालताना डोळे मिटतो," असं काहीसं म्हणायचे आणि स्वतःही डोळे मिटून दाखवायचे. खिडकीतून मी हे कितीदा तरी पाहिलंय. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात फार उशिरा आली. त्याच धड्यात पुढे माणसांच्या आनुवंशिक आजारांचा भाग होता. तो सर शिकवायचेच नाहीत. "हे घरी वाचून घ्या," म्हणायचे. एका वाक्यासाठी तीनदा वही परत पाठवणारा माणूस, आणि हे सबंध पान घरी वाचून घ्या.

त्यांना काहीतरी झालंय, हे मला एका वड्यावरून कळलं.

शाळेबाहेर वडापावची गाडी आहे. सर त्या गाडीकडे बघायचेही नाहीत. वाऱ्याची दिशा बघून रस्ता ओलांडायचे. त्या दिवशी शाळा सुटल्यावर म्हणाले, "चला परब, वडा खाऊ." मी चाट पडलो. गाडीशी उभे राहिलो. त्यांचा खांदा मधूनच उडत होता, कुणी मागून हाक मारल्यासारखा. बोटं सारखी हलत होती, जणू न दिसणारी पेटी वाजवतायत. कागदातला वडा निसटला आणि गटाराच्या झाकणाशी, ओल्या जागेत पडला. मी "गलिच्छ" ऐकायची तयारी केली. सरांनी तो उचलला आणि तोंडात घातला.

"गरम आहे," म्हणाले. मग माझ्या हातातला उष्टा चहाचा ग्लास घेतला आणि उरलेला पिऊन टाकला.

मी हसलो, काहीतरी बोललो, पण तो ग्लास मी परत हातात घेतला नाही. मला त्यांची किळस आली ती पहिली वेळ.

मग सगळं भराभर दिसायला लागलं. चालताना झोक जायचा. बोलताना तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायची आणि ती पुसायची असते हेच त्यांना सुचायचं नाही. दोन्ही रुमाल घडी न मोडता खिशात. शर्टवर परवाची आमटी. ते माझ्याशी बोलायला जवळ आले, की मी अर्धं पाऊल मागे सरायचो. ते आणखी जवळ यायचे.

आम्ही एकाच सोसायटीत, एकाच जिन्यावर. सेक्रेटरींनी मला खाली गाठलं. "परब सर, तुमचे दोस्त हल्ली जरा जास्तच घेतात वाटतं? काल लिफ्टमध्ये आमच्या मिसेसना धक्का लागला. फॅमिल्या राहतात इथं. आमी काही बोलत नाही, टीचर माणूस आहे म्हणून."

"ते घेत नाहीत हो."

"मग काय झुलायची हौस आहे?" असं म्हणून ते हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही थोडासा हसलो. हेही लिहून ठेवतो.

एका शुक्रवारी सरांनी मला स्टाफरूमच्या कोपऱ्यात घेतलं. "परब, उद्या वाशीला याल माझ्याबरोबर? मेंदूच्या डॉक्टरांकडे. घरी सांगू नका. अश्वीचं लग्न ठरायच्या बेतात आहे."

गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला सरळ. पहिल्या खेपेला त्यांनी सरांना चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली, ती धरवेना; रक्त घेतलं. दुसऱ्या खेपेला रिपोर्ट समोर ठेवून विचारलं, "सर, वडिलांना काय झालं होतं?"

"वय झालं होतं."

"किती?"

डॉक्टर पेन खाली ठेवून थांबल्या. घाई नसल्यासारख्या.

"त्यांना स्थिर बसता यायचं नाही," सर शेवटी म्हणाले. "हातपाय सारखे उडायचे. गावात त्यांना नाच्या म्हणायचे. शाळेत मला नाच्याचा पोरगा म्हणायचे." मग माझ्याकडे वळून, जणू मीच विचारलं होतं अशा स्वरात, "चुलत्यालाही होतं. बास?"

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: हंटिंग्टन. मग त्या सावकाश समजावायला लागल्या, आणि त्यातला शब्दन्‌शब्द मला आजही येतो. "हे बघा सर, मेंदूत सूज आहे. पण ती मूळ नाही. मूळ एका बिघडलेल्या जनुकात आहे. त्यामुळे पेशींमध्ये एक नको ते प्रथिन साठत जातं, कचरा म्हणा. मेंदूत साफसफाई करणाऱ्या, राखण करणाऱ्या पेशी असतात. कचरा दिसला की त्या चवताळतात. एरवी काम झालं की शांत होतात. इथं कचरा रोज तयार होतोय, म्हणून त्या शांतच होत नाहीत, आणि त्या भरात चांगल्या पेशींचंही नुकसान करतात. ती सूज कमी करता येईल का, जनुकालाच गप्प करता येईल का, यावर जगभर काम चाललंय. पण आज मी तुम्हाला हालचाली कमी करायची, झोपेची, मन शांत ठेवायची औषधं देऊ शकते. मूळ थांबवणारं माझ्याकडे काही नाही."

"म्हणजे डोक्यात कचरा साठलाय," सर म्हणाले. "गलिच्छ." आणि हसले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून त्यानंतर कधी ऐकला नाही.

"मुलं किती आहेत तुम्हाला?"

"एक मुलगी."

"तर प्रत्येक मुलात हे उतरण्याची शक्यता…"

"निम्मी," सर म्हणाले. "चौकट मला येते, मॅडम."

"तिला सांगावं लागेल, सर. तपासणी करायची की नाही हे तिनं ठरवायचं. पण लग्नाआधी, मूल होण्याआधी तिला माहीत असायला हवं."

मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून वड्याची गोष्ट सांगितली. इतका स्वच्छ माणूस आणि गटाराजवळचा वडा उचलून खाल्ला, असं. डॉक्टर म्हणाल्या, "होतं असं. या आजारात काही जणांची किळस हळूहळू जाते. आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची किळसही त्यांना नीट ओळखू येत नाही. समोरच्यानं नाक मुरडलं तरी त्याचा अर्थ पोचत नाही. घरच्यांना सांगून ठेवा."

आता मुद्द्याची गोष्ट. हे ऐकून मला हायसं वाटलं. सर शेजारी बसले होते, त्यांच्यावर आभाळ कोसळलं होतं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला, की बरं झालं, यांना कळणार नाही. इतके दिवस मी त्यांच्यापुढे चेहरा सांभाळून थकलो होतो.

बाहेर आल्यावर सर दवाखान्याच्या बाथरूममध्ये गेले, रिपोर्टचे तुकडे तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्या हातांनी ते काम बराच वेळ चाललं. मी दार धरून उभा. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "अश्वीचं लग्न होऊन जाऊ दे. मग मीच सांगेन तिला. नीट चौकट काढून सांगेन."

"डॉक्टर म्हणाल्या लग्नाआधी."

"मग कोण करील लग्न? नाच्याच्या नातीशी?" थोड्या वेळानं म्हणाले, "तोवर घरी सूज म्हणायचं. डॉक्टरांनीच म्हटलंय सूज आहे. खोटं कुठं बोलतोय आपण?"

समासात लाल शाईनं लिहायचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, त्यांचा हात ओला होता, आणि मला ते मनगट लवकरात लवकर सोडवून घ्यायचं होतं.

घरी वहिनी दारातच उभ्या. शेवटी त्यांना कळलंच होतं आम्ही कुठे गेलो ते. घरात तो वास भरलेला होता, आंबूस, सांडलेल्या अन्नाचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा. सर आत जाऊन पलंगावर बसले. वहिनींनी मला विचारलं, "भावजी, काय म्हणाले डॉक्टर? खरं सांगा हं."

"मेंदूला सूज आहे, वहिनी," मी म्हणालो. "उतरेल हळूहळू."

सूज हा शब्द ठरलेला होता. उतरेल हा नव्हता. तो माझा. आजवर ज्यांनी ज्यांनी हे ऐकलं, त्यांना वाटलं की मी एका बाईला धीर दिला. तसं काही नव्हतं. नुसतं सूज म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं: कशानं, किती, औषध काय. मला पाणी प्यावं लागलं असतं, त्या घरातल्या भांड्यातून. मला खाली जायचं होतं. उतरेल म्हटल्यावर वहिनींनी देवाकडे बघून हात जोडले आणि मला जाऊ दिलं. घरी येऊन मी कपड्यांसकट नळाखाली उभा राहिलो.

आता सूज उतरायचीच आहे म्हटल्यावर वहिनी ती उतरवायच्या मागे लागल्या. सर पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. वहिनींच्या भावानं गावाकडून एक लेप आणला: हळद, आंबेहळद, एरंडाची पानं, त्यात गोमूत्र. सरांच्या डोक्याचे केस काढले, आणि रोज संध्याकाळी त्या गोट्यावर तो लेप थापून वर फडकं बांधायला सुरुवात झाली. पिवळा ओघळ कानामागून मानेवर, मानेवरून उशीवर. ज्या माणसाला कपावर ओठांची आठवण सहन होत नव्हती, तो त्या ओल्या उशीवर डोकं ठेवून निवांत पडायचा, हातपाय उडत असायचे आणि लेपाचे शिंतोडे भिंतीवर जायचे.

मी रोज जायचो. न जाऊन चालणार नव्हतं. उतरेल म्हणणारं तोंड माझंच होतं ना. वहिनी फडकं सोडायच्या आणि म्हणायच्या, "भावजी, जरा हात लावून बघा ना. उतरल्यासारखी वाटते का?"

मेंदूची सूज कवटीवरून हाताला लागत नसते, हे भूगोलाच्या मास्तरालाही कळतं. मी त्या पिवळ्या, चिकट डोक्यावर तळहात ठेवायचो आणि म्हणायचो, "थोडी."

"मला पण वाटलंच," वहिनी म्हणायच्या. उद्याची हळद भिजत घालायला आत जायच्या.

अश्विनीचं लग्न सानपाड्याच्या हॉलमध्ये झालं. सरांना शाल पांघरून खुर्चीत बसवलं होतं, आणि मी शेजारी बसून त्यांचे दोन्ही हात माझ्या मांडीवर दाबून धरले होते, उडू नयेत म्हणून. लोक येता-जाता माझ्या खांद्यावर थाप मारत होते. नवऱ्या मुलाचे वडील, सज्जन माणूस, वाकून विचारायला आले, "परब सर, काय म्हणतात आता डॉक्टर?" मी म्हणालो, "उतरतेय." सरांची लाळ माझ्या मनगटावर पडत होती आणि मी मंगलाष्टकांकडे लक्ष द्यायचा प्रयत्न करत होतो. अक्षता टाकायला माझा हात मोकळा नव्हता, एवढंच मला त्या लग्नातलं बरं वाटलं.

लग्नानंतर अश्विनी पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा वहिनींनी मला मुद्दाम वर बोलावलं. "यांचं काय चाललंय बघा. सकाळपासून कागद मागतायत."

सर पलंगावर उठून बसले होते. मांडीवर पाट, पाटावर कागद, मुठीत पेन्सिल. हिरव्या साडीतली अश्विनी शेजारी बसून हसत होती. "काय काढताय, बाबा? माझं चित्र?"

ते चौकट काढत होते. पहिली रेघ कागदावरून निघून पाटावर गेली. दुसरी तिला मिळेना. पेन्सिलीचं टोक मोडलं, अश्विनीनं दुसरी दिली, तीही घरंगळली. त्यांचं बोलणं तोवर फार थोड्यांना समजायचं. त्यातला एक मी होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोलले, ते पुस्तकी बोलणं कधीच गळून गेलं होतं, "परब, तुमी सांगा तिला. मला न्हाय जमत."

"काय म्हणतायत, काका? काय सांगायचंय?"

मी तिच्याकडे बघितलं. सरांच्या हनुवटीवरून लाळेचा दोरा कागदावर उतरत होता, चौकटीच्या पहिल्या रेघेवर. मला तिथं थांबवेना.

"सुखी राहा, म्हणतायत," मी म्हणालो.

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं, त्या लेपासकट, त्या वासासकट. तिला काही वाटलं नाही. सर तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "न्हाय," म्हणाले. पुन्हा म्हणाले, "न्हाय." अश्विनी म्हणाली, "हो बाबा, राहीन, राहीन."

पुढं त्यांचं बोलणंच गेलं. मग कोण विचारणार?

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. माणूस पार काटकुळा झालेला, गिळता येत नव्हतं, प्रत्येक घास छातीत जाण्याची भीती. वहिनींचा हात मुरगळला होता, म्हणून तांदळाची पेज भरवायला मी बसलो. दुसऱ्याच चमच्याला ठसका लागला आणि सगळी पेज माझ्या तोंडावर आली, गालावर, ओठांवर, चष्म्यावर. मला आवरता आलं नाही. नाक, तोंड, डोळे, सगळा चेहरा आक्रसला; मला तो आतून जाणवत होता. वहिनींनी तो पाहिला. त्या खिडकीकडे बघायला लागल्या. सरांचा ठसका थांबला. ते माझ्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते, एखादं अवघड अक्षर लावावं तसे. दात दिसतायत, गाल वर गेलेत, डोळे बारीक झालेत. आणि मग त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. ते मला उलट हसत होते. मी चष्मा पुसला, चमचा वाटीत ठेवला आणि शाळेत काम आहे म्हणून निघालो. त्यानंतर मी वर गेलो नाही. त्या आठवड्यातच ते गेले.

अश्विनीचं मी हे देणं लागतो. तिच्या वडिलांना हंटिंग्टनचा आजार होता. सूज होती ती त्या आजारातली. मूळ जनुकात होतं, ते त्यांच्या वडिलांकडून त्यांच्यात आलं होतं. तिच्यात ते असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि असलं तर तिच्या बाळात जाण्याची तितकीच. रक्त तपासून ते कळतं. तपासायचं की नाही, आणि बाळाचं काय करायचं, ते ठरवणं तिच्याकडे आहे. तिच्या वडिलांनी हे तिला सांगायला मला सांगितलं होतं, तिच्यासमोर, आणि मी सांगितलं नाही. आज शुक्रवार आहे, ती रविवारी येणार. मी अजूनही सांगितलेलं नाही.